मान मातीबाहेर

कोपरखैरणे, सेक्टर चौदा, दुसरा मजला.
ग्रिलबाहेर काढलेली दीड हात जागा.
मी तिला बाग म्हणतो,
सोसायटी अतिक्रमण.

सप्टेंबरात भाच्याने आणले
ट्युलिपचे बारा कंद, जाळीच्या पिशवीत.
पाकिटावर पुढे पिवळ्याजर्द फुलांचं शेत,
मागे अटी. सगळ्या थंडीच्या.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
मी भट्ट्यांचं तापमान राखलं,
मला काय कोणी थंडी शिकवायची!
फ्रीजचा खालचा खण रिकामा केला.
बारा आठवडे, पाच अंश,
वहीत रोजची नोंद.

नवव्या आठवड्यात कुंदाने त्यातला एक
पोह्यांसाठी चिरला.
सुरी मध्येच थांबली.
"अहो, हा कांदा रडवत नाहीये."
रडायचा मी बाकी होतो.

उरलेले अकरा डिसेंबरात लावले.
पानं आली, दोन-दोन, जाड, निळसर,
परक्या घरी सोफ्याच्या कडेवर बसावं तशी.
एकाने कळी धरली, बोटाच्या पेराएवढी,
आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी
न उमलताच तपकिरी झाली.
वहीत लिहिलं: छत्तीस अंश.

मग बोनकोड्याची सुगंधा म्हात्रे आली,
पदरात पाच-सहा मातकट गड्डे घेऊन.
"मे फ्लावर. मोठा बघून घेऊ नको,
हातात जड लागंल तो घे.
मऊ असंल तर टाक.
मान तेवढी मातीबाहेर ठेव
आन इसरून जा."

विसरायचं कसं, हे मात्र सांगितलं नाही.
मी रोज काडीने उकरून बघायचो,
शेवटी कुंदाने कुंडी
ओट्यामागच्या खिडकीत नेली,
तिच्या राज्यात.

सत्तावीस एप्रिल. माती तडकली.
नुसता दांडा, पान एकही नाही,
टोकाला दाढीच्या ब्रशासारखं काहीतरी.
मे उजाडला तसा तो ब्रश उघडत गेला
आणि लालभडक चेंडू झाला.
मी फुलं मोजायला बसलो,
सत्तरपर्यंत गेलो, चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून.
"पोहे गार होतायत," कुंदा म्हणाली.

सेक्रेटरी दाभोळकर नोटीस घेऊन आले,
चार बाजूंनी फोटो काढले,
बायकोला पाठवले,
आणि नोटीस देऊनच गेले.

वहीत त्या दिवसापुढे लिहिलंय:
पाणी, आठवत नाही.
तापमान, पाहिलं नाही.

आता फूल वाळलंय, पानं सुटलीत रुंद.
सुगंधाने बजावलंय,
पिल्लं धरली की एक परत द्यायचं.
फ्रीजच्या खालच्या खणात कोथिंबीर आहे,
आल्याचा तुकडा, अर्धं लिंबू,
आणि सगळ्यात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एक ट्युलिप.
कुंदाला सांगू नका.