अवलंबित

यशोचा फोन येतो रात्री साडेदहाला,
तिकडे तिची जेवणाची सुट्टी.
डबा उघडल्याचा आवाज, आणि मग थेट:
"स्टेंटचं लिहिलंस ना?"
कसा आहेस, हे नंतर. कधी कधी ते राहूनच जातं.

लिहिलं.
घणसोलीच्या सिम्प्लेक्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
शेगडीशेजारच्या ओट्यावर फाइल ठेवून लिहिलं.
टेबल असं आमच्याकडे नाही.
एक स्टेंट, वाशी, चार वर्षांपूर्वीचा मार्च.

रबाळ्याच्या कंपनीत बावीस वर्षं
मी प्रेशर गेज तपासले.
काटा लाल पट्ट्यात गेला की शिट्टी मारायची,
वाल्व सोडायचा, मग वहीत वेळ टाकायची.
माझा स्वतःचा काटा सरकला
तेव्हा मी हजेरीच्या खिडकीशी उभा होतो.
शिट्टी कुणी मारली नाही.
ऑपरेशनच्या कागदावर सही यशोने केली,
नर्सच्या गणवेशातच. नातं: पत्नी.

आता तिच्या हॉस्पिटलच्या विम्यात
पहिल्या ओळीत ती, दुसऱ्या ओळीत मी.
नातं: पती. प्रकार: अवलंबित.
रेशनकार्डावर मी कुटुंबप्रमुख आहे अजून,
फोटोत माझे सगळे केस काळे आहेत.

"उतरलास की तीस दिवसांत तुझं नाव घालायचं.
चुकलं, तर वर्षअखेरपर्यंत थांबायचं."
"आणि नाव लागेपर्यंत?"
"प्रवासाचा विमा."
"त्यात काय काय येतं?"
कागद उलटल्याचा आवाज.
"पाय मुरगळला तर येतं. बॅग हरवली तर येतं."
"आणि हे?"
"आधीपासूनचं येत नाही."
मग तीच म्हणाली, "बॅग हरवली तरी चालेल,
छाती तेवढी सांभाळून आण."

एजंट खोब्रेकर जिन्यातच भेटले. म्हणाले,
"इथली पॉलिसी सोडू नका हां साहेब.
चार वर्षं थांबलात, आत्ता कुठे हार्ट कव्हर झालंय.
सोडलीत तर मीटर परत शून्यावर."
पॉलिसीवर माझं नाव प्रसन्नजीत.
पासपोर्टवर प्रसेनजित.
त्या एका मात्रेसाठी दोन शपथपत्रं झाली.
आणि आई त्याच पॉलिसीत.
एक मोतीबिंदू झालाय, दुसरा बाकी.
ती काही विचारत नाही. परवा तांदूळ निवडताना एवढंच म्हणाली,
"माझा डावा डोळा अजून तुझ्याच नावावर ना रे?"

मेडिकलला मुंबईत गेलो.
लसी टोचल्या. छातीचा फोटो.
श्वास घ्या. धरा. सोडा.
डॉक्टर बाईंनी मान वर न करता विचारलं,
"तिकडे औषधपाण्याचं कोण बघणार?"
"बायको," मी म्हणालो.
मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो.
त्यांनी काहीतरी लिहिलं, बहुतेक माझं वजन.

काल यशोचा आवाज बसलेला होता.
"काही नाही, ताप. दोन दिवस. ड्यूटी केली."
"दाखवलंस?"
"पहिला खर्च आपल्या खिशातूनच असतो रे,
तो ओलांडला की मग विमा.
यंदाचा तुझ्यासाठी राखून ठेवलाय."
डब्याचं झाकण लागलं. सुट्टी संपली.

मी ओट्यावर गोळ्या मोजायला बसलो.
रक्त पातळ राहण्याच्या नव्वद,
कोलेस्टेरॉलच्या नव्वद, चिठ्ठीसकट.
तिच्या तापासाठी माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता.
खाली जाऊन मेडिकलवाल्याकडून
तापाच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या आणल्या,
सुती बनियनात गुंडाळल्या,
बॅगेत तळाशी ठेवल्या.

बॅगेला विमा आहे.