रुमालाखालचा भाव

आबा बैलबाजारात दलाल होते.
धानोऱ्याच्या कडुनिंबाखाली दर शुक्रवारी
रुमालाखाली दोन हात जायचे.
बोट धरलं तर हजार, पेर दाबलं तर शंभर,
भाव तोंडानं कोणी बोलायचं नाही.
भोवती पन्नास माणसं
आणि सौदा फक्त दोन तळव्यांच्या घामात.

मी युएसडीटी विकतो. फोनवर.
"डॉलरसारखंच असते," म्हटलं, "फक्त हातात येत नाही."
सुपारी कातरता कातरता आबांनी विचारलं,
"शेण टाकते?"
"नाही."
"मंग चारा काय खाते?"
"रिचार्ज."
आई चुलीकडं तोंड करून हसली.

पहिलं गिऱ्हाईक रात्री साडेअकराला आलं.
नाव राजा, पुढं चार नऊ.
बाजारापेक्षा दोन रुपये वर देत होता.
लगेच पावतीचा फोटो, त्यावर हिरवी खूण,
मागोमाग : भाऊ, सोड लवकर, आई आयसीयूत आहे.
माझा अंगठा 'रिलीज'वर.
खाटेवरून आबा :
"पैसे आले?"
"फोटो आला."
"बैलाच्या फोटोनं वखर चालते काय बे?"
बँकेचं ॲप उघडलं. शिल्लक सकाळचीच,
चारशे बारा रुपये.
मी सोडलं नाही.
राजाची आई त्या आठवड्यात
आणखी दोन नावांनी आयसीयूत गेली.

एकानं सांगितलं, कंपनीचा माणूस बोलतो,
तुमचा सौदा अडकलाय, इथून टेलिग्रामवर या.
आबा म्हणाले, बाजाराच्या फाटकाबाहेर, नाल्याकाठी
जो बैल दाखवते,
त्याचा बैल चालून दाखवत नाही.

मला वाटलं, आता मी शिकलो.

पोळ्याच्या आदल्या मंगळवारी बावीस हजार आले.
खरोखरचे. मेसेज, ॲप, सगळीकडं.
सौदा हितेश नावाच्या कोणाशी तरी.
पाठवणारीचं नाव शोभा दादाराव निंबेकर.
बायको असेल, म्हटलं.
सोडले.

विसाव्या दिवशी खातं गोठलं.
यवतमाळला, सायबरच्या बाकड्यावर,
हवालदारानं कागद माझ्याकडं फिरवला :
शोभाबाई, अंगणवाडी मदतनीस, अचलपूरकडची.
घरबसल्या काम देतो, आधी अनामत भर,
असं कोणी सांगितलं, आणि ज्या खात्यात भर म्हटलं
ते खातं माझं.
हितेश कुठंच नव्हता.
कागदावर आम्ही दोघंच,
मी आणि ती, एकमेकांना न पाहिलेले.

एसटीत आबा दारव्ह्यापर्यंत गप्प.
मग खिडकीकडं पाहत बोलले :
"एक कबरा गोऱ्हा विकला होता म्या.
दावं एकाच्या हातात, पावती दुसऱ्याच्या नावाची.
म्या म्हटलं, भाऊ असन त्याचा.
तिसऱ्या रात्री दावं तोडून गेला.
सात कोस.
म्या मागावर गेलो, तं आपल्याच गोठ्यासमोर उभा.
घरची बाई भांडे घासत होती.
तिनं मले पाह्यलं
अन् काहीच नाही बोल्ली."
"मग?"
"मंग काय. दलाली वापस केली.
कोणाले करू, तेच समजे ना."

मी अर्ज दिलाय : तिचे तिला द्या.
बावीस हजार अजून तिकडंच बांधलेले,
धड माझ्या दाव्याला नाहीत,
तिच्या गोठ्यातही पोचले नाहीत.
खाली माझे चारशे बारा, तेही त्यांच्यासोबत.

दुसऱ्या बँकेत खातं काढलं.
कधी कधी वाटतं, धंदाच सोडावा.
मग सोडत नाही.
रात्री फोन पेटतो : भाऊ, सोड लवकर.
मी आधी शिल्लक पाहतो, मग नाव वाचतो,
मोठ्यानं, बापाच्या नावासकट, आडनावासकट,
जुळलं नाही की सौदा मोडतो.
अंधारातून आबा "हं" म्हणतात,
किंवा म्हणत नाहीत.