कळकणं

शब्द तसा साधा.
ताक पितळेत रात्रभर राहिलं, सकाळी कळकलं.
स्टीलच्या घरात वाढलेल्या माझ्या लेकीला
तो समजावून सांगावा लागतो.

तांबट आळीत आमचा भाता होता.
भाऊ कल्हई लावायचे, मी वारा घालायचो.
राख, चिंच, मग निखारे,
नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत,
कथलाची एवढीशी काडी टेकवून
कापसाचा बोळा फिरवला
की काळ्या पातेल्यात एकदम चांदणं.
बाया म्हणायच्या, "यंदा जरा जाड लावा."
भाऊ म्हणायचे, "जाडीनं नाही टिकत, माई.
आधी घासलं किती, त्यावर टिकतं."

पुंजा वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो.
आईच्या तापात बर्फ त्यानंच आणला होता
रविवार कारंजावरून, पळत, ओंजळीत वितळता.
पण पुलाखाली मेणबत्तीवर पत्ते मांडले
की आम्ही सगळेच दुसरे कुणी व्हायचो.
पहिल्या दिवशी मी नुसता बसलो.
मग कुणाचा तरी डाव धरला,
तो लघवीला गेला म्हणून.
मग शिवी आली तोंडात, मग घरी खोटं.
पहिलं जड गेलं,
पुढची सुट्ट्या पैशांसारखी सुटत गेली.
इतकं हळू,
की चव बदलली हे ताकाला कुठं कळतं.

एका रात्री पोत्यातून घंटा आली.
देवळाची, लोलक फडक्यात गुंडाळलेला.
"तुझ्याकडे भट्टी आहे," पुंजा म्हणाला. एवढंच.
मी भात्याला हात घातला.
खोटं कशाला सांगू, घातला.
दोनदा वारा दिला. राखेखालून लाल डोळा उघडला
आणि फडकं सुटलं.
घंटा एकदाच वाजली, बारीक.
माळ्यावर भाऊ खोकले.

पोतं टाकून ते पळाले. मी राहिलो.
मारलं असतं तर बरं झालं असतं.
भाऊंनी कल्हई उडालेलं एक पातेलं ओढलं,
त्यात घरातलं ताक ओतलं, वर ताटली ठेवली
आणि आम्ही दोघं बसून राहिलो, न बोलता,
पहाटेपर्यंत.
"पी."
प्यालो. गटारीवर ओकलो.
"पितळ वाईट का?"
नाही.
"ताक?"
नाही.
"मग?"

उजाडल्यावर घंटा माझ्याच खांद्यावर दिली.
सराफ बाजारातून, उघडी, गोदेच्या घाटापर्यंत.
पावलागणिक वाजत होती.
दुकानं उघडणारे वळून बघत होते.

देव भेटला असं मी म्हणत नाही.
रोज पहाटे त्याच्यापुढं बसतो
आणि कालचा दिवस चिंचेनं घासतो.
कुठं जास्त बोललो, कुणाचं हसू झालं तेव्हा हसलो,
गिऱ्हाइकाचे पाच रुपये कसे राहिले माझ्याकडे.
हात काळे होतात. झालेच पाहिजेत.
शिट्टी त्यानंतरही यायची.
दोनदा गेलोही. पण आता जिभेला चव कळायची,
मधेच उठून यायचो.

पुंजा नाशिकरोडला असतो, म्हणतात.
जेलच्या भिंतीच्या अलीकडे की पलीकडे,
मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.
मी उठून आलो ते एकटाच.

लेक विचारते, "कल्हई टिकते किती?"
सहा महिने. वापर जास्त असला तर कमीच.
"म्हणजे परत लावायची?"
परत.
"कायम?"
खाली स्कूटीचा हॉर्न वाजतो, दोनदा.
ती ओढणी घेते, "नऊपर्यंत येते," म्हणते.
कोण आहे, ते मी विचारतो. ती नाव सांगते.
जिना उतरताना तिचं हसणं ऐकू येतं, मोकळं.

मी भाऊंचं पातेलं खिडकीशी नेतो,
उजेडात तिरपं धरतो.
तळाशी, कडेला,
पिवळं दिसायला लागलंय.