थर क्रमांक दोन

बिडवाई मॅडम म्हणाल्या, माती आधी चिमटीत घ्या.
दोन थेंब पाणी. मळा.
मग अंगठ्याने हळूहळू पुढे ढकला
आणि फीत किती लांब येते ते बघा, तुटेपर्यंत.
दोन इंच आली तर चिकणमाती.
माझी तुटलीच नाही,
मनगटावर वळून पडली थंडगार
आणि तिला वास आला घणसोलीच्या खाडीचा,
नोड व्हायच्या आधीचा,
जो मी फक्त ऐकलेला आहे.

नमुना काढला तो प्लॉट अजून विकला गेलेला नाही.
भोवती पत्रे, पत्र्यांवर टॉवरचं चित्र,
चित्रात कारंजं.
वॉचमन म्हणाला, सोनंबिनं शोधताय का?
ऑगरचा दांडा फिरवत, घामाघूम, रझिया म्हणाली,
माती शोधतोय.
इथं माती कुठाय पोरींनो, तो म्हणाला,
इथं भराव आहे.

उभ्या चिरलेल्या पाइपात आडवी ठेवली जमीन,
शेजारी मेजपट्टी.

शून्य ते चौदा: काळपट. हरळीची मुळं,
गुटख्याच्या पुडीचा कोपरा, निळ्या टाइलची कपची.
चौदा ते एकसष्ट: लाल मुरूम.
एकाएकी सुरू, एकाएकी बंद,
जणू कुणी मधेच बोलायला लागलं
आणि बोलून निघून गेलं.
एकसष्टच्या खाली करडं, ओलं, शिंपल्यांचा चुरा,
आणि त्र्याऐंशीवर भाताचं एक फोलपट.
अख्खं.
रझियाने ते चिमट्याने उचललं
आणि आम्ही दोघी बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

लॅबमध्ये सगळं सोपं असतं.
एकशे पाच अंशांवर चोवीस तास,
मग वजन, मग मीठ किती ते मीटर सांगतो.
मग चाळणी, दोन मिलीमीटरची.
खाली पडेल ती माती.
वर राहील ती माती नव्हे,
व्याख्याच तशी आहे.
थर दोनचा जवळजवळ सगळा ऐवज वर राहिला.

रात्री जेवताना पिशवी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.
त्यांनी डाव्या हातानं एक खडा काढला,
नखानं खरवडला, दिव्यासमोर धरला.
यो पारसिकचा नाय, म्हणाले, तुर्भ्याच्या खदानीचा.
कशावरून?
भाताचा घास गिळून म्हणाले,
दिवसाला अकरा खेपा मारल्यात, वलखीन नाय?
मला डंपर आठवतो तो फोटोतला,
बोनेटवर झेंडूची माळ,
नंबरप्लेटसमोर बाबा, मिशी नुकती फुटलेली.
कुणाच्या शेतावर टाकायचात?
ते पाणी प्यायले.
मागं बघाया आरसा आसतो, म्हणाले,
त्यान नुसती धूल.
आई म्हणाली, जेवताना दगड नका घेऊ हातात.

रिपोर्टात एक रकाना असतो: जनक द्रव्य.
म्हणजे माती ज्याच्यापासून झाली ते.
थर तीनसमोर लिहिलं, खाडीचा गाळ.
थर एकसमोर, मिश्र.
थर दोनसमोर
पेन टेकवून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग पुस्तकात असतं तसं लिहिलं, मानवनिर्मित भराव,
आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलनं,
खोडता येईल असं:
अकरा खेपा.

मॅडमनी त्याखाली प्रश्नचिन्ह काढून परत दिलंय.
संदर्भ द्या.

चाळणीवर राहिलेलं टेबलाखालच्या बादलीत टाकायचं असतं.
मी टाकलं नाही, दप्तरात आहे,
वह्यांच्या खाली, जड.
त्यातला एक खडा बाबांनी परत मागितलाय.
कशाला, ते सांगत नाहीत.