हातात देऊ नये

नानांनी तो विकत घेतला नव्हता, आणि फुकटही नाही.
निंभोरा स्टेशनात केळीची वॅगन भरून झाल्यावर
दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं खिशातून काढून दिला,
तेव्हा नानांनी त्याच्या तळहातावर चाराणे ठेवले.
धारेची वस्तू तशीच घेतली तर माणूस तुटतो म्हणे.
व्यापारी हसला. पुढची अकरा वर्षं
त्याच्याच नावानं वॅगन भरत राहिली.

मिटला की चार बोटं. शिंगाची मूठ, पितळेचे तीन खिळे,
त्यातला एक पुढे भुसावळच्या लोहारानं बसवला, तो लोखंडी.
बंडीच्या आतल्या खिशात, विड्यांच्या बंडलाशेजारी
त्याची जागा. आम्ही मागितला
तर नाना तो जमिनीवर ठेवायचे.
उचला म्हणायचे.
हातात दिला की भांडणं होतात.
तरी झालीच. त्यात चाकूचा काही दोष नाही.

मी झालो तेव्हा पाचवीच्या रात्री
तो मायच्या उशाखाली होता, सटवाई लिहून जाईपर्यंत,
आणि नंतरही महिनाभर, असं ऐकून आहे.
तेवढा महिना नानांनी बंडलाचा दोरा दातांनी तोडला.

आखाजीला निंबाच्या फांदीवर दोर चढवून
उरलेलं शेपूट त्यानंच कापायचं.
दहावीला माझ्या पेन्सिलींना त्यानं अशी टोकं काढली
की भूमितीचा पेपर दोन जागी फाटला.

कोकिळाताईला बघायला यावलचे पाहुणे आले,
नानांनी त्यांना घरात बसवलंच नाही.
मळ्यात नेलं. पऱ्हाट्या पेटवल्या,
बामणोदची वांगी पुढ्यात ओतली
आणि चाकू जमिनीवर ठेवला, मुलासमोर.
"टोचा."
त्यानं एकेक वांगं टोचलं, तेल लावलं,
आणि पातं मिटायच्या आधी
शेजारी रांगत आलेलं कुणाचं तरी पोर
कोपरानं हळूच लांब सारलं.
पगार, शेती, पत्रिका, नानांनी काही विचारलं नाही.
भरितात मीठ जास्त झालं होतं.

त्याच जावयाच्या पोराचा पहिला वाढदिवस, जळगावात, हॉल घेऊन.
केकमध्ये प्लास्टिकची सुरी मोडली
आणि नानांनी बंडीत हात घातला.
फोटोत सगळे नानांकडे बघतायत, एकटा पोरगा केककडे.
मुठीच्या फटीत मलई गेली. तीन दिवस खिशाला मुंग्या.

घासून घासून पातं करंगळीएवढं उरलं.
न्हाणीपुढच्या धुण्याच्या दगडाला खळगा पडला,
त्यात पाणी साचतं, चिमण्या येतात.

नाना गेले त्या सकाळी अंघोळ घालताना
करदोडा तोडायला कुणीतरी ब्लेड शोधत होतं.
मी खुंटीवरच्या बंडीत हात घातला.
काळा दोरा, घामानं कडक झालेला.
एकाच ओढीत तुटला.
मला वाटलं होतं वेळ लागेल.

"हा आता घरात नको," गजमलकाका म्हणाले, "तापीत टाक."
टाकतो म्हणालो.
दहावं झालं, तेरावं झालं,
माझ्या विजारीच्या खिशाला तेवढंच वजन.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मायनं विचारलं, कुठं आहे?
तिनं कधी तो हातात घेतलेला मी पाहिला नव्हता.
सवयीनं जमिनीवर ठेवला.
तिनं उचलला, राखेनं घासला,
आणि अंगठ्याच्या नखानं पहिल्याच झटक्यात उघडला.
ती कमान मला अजून दोनदा ओढावी लागते.

"लोखंडाले इटाय नस्तो," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.
मी बघत होतो तिच्या नखाकडे.
"तू झाला तवा उश्याखाले राहे.
तू रडे रातभर.
मी उघडू, लावू. उघडू, लावू."

मग वांग्याचं देठ कापलं. धार पदराला पुसली.
चाकू मिटून ओट्यावर ठेवला, आम्हा दोघांच्या मधे.
फोडणी करपेपर्यंत
तो कुणीच उचलला नाही.