येणे बाकी

धोबीतलावला, इराण्याच्या मागच्या बोळात
इनास तुस्कानोचं दुकान. रुंदी दोन माणसांची,
त्यात आम्ही दोघं आणि सतरा गिटारी.
सन चौऱ्याहत्तर. ती आली तेव्हा
मी सरस उकळत होतो.
उंच बाई. नव्या कोल्हापुरीनं अंगठे सोललेले.
पेटी उघडली तर गिटारीची घोडी उखडलेली;
आमच्या खाऱ्या हवेला परकं लाकूड
सगळ्यात आधी भुलतं.

इनास म्हणाला, तीन दिवस.
ती म्हणाली, उद्या रात्री गायचंय
काळ्या घोड्याजवळच्या एका हॉटेलात,
जेवणाच्या बदल्यात.
कोणी तरी विसरून गेलेल्या पलंगाचा
शिसवी पाय होता कोपऱ्यात.
त्यातून घोडी कापली, रात्रभर शिकंज्यात धरली.
सकाळी तारा चढवल्या, लाकडाला कान लावला,
म्हणाला, "चालेल."
चांगलं तो कशालाच म्हणायचा नाही.

अकरा रुपये झाले.
तिच्याकडे सुटे नव्हते. बंदेही नव्हते.
मी वहीत लिहिलं: हेस्टर ब्रॅनम, मुक्काम केंटकी,
येणे रु. ११.

पुढची तिची कारकीर्द आम्हाला चोरबाजारात मिळाली,
तीही उलटसुलट.
आधी हाती लागली चौथी तबकडी:
कव्हरवर ती घोड्यावर, मागे नारिंगी आभाळ,
आत ढोल, चाळीस व्हायोलिनं,
आणि त्यांच्या गर्दीत कुठे तरी ती.
इनासनं सुई उचलली.
"ही आपली घोडी नाही."
इंग्रजी त्याला बेतास बात. शब्द सोडून
तो फक्त लाकूड ऐकायचा.

मग पहिली मिळाली, कोपरा उंदरानं खाल्लेला.
एकटी ती, एकच माईक,
आणि खालच्या तारेला ती शिसवी गुणगुण,
पलंगाला जुनं काही आठवावं तशी.
इनासनं तीनदा लावली.
दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाला, उद्या ये.

नंतर बारा वर्षं काही नाही.
गाणं सोडलं म्हणे; शाळेची बस चालवते;
नवरा गेला; नवरा नव्हताच.
दर्यावर्दी लोक सांगायचे, प्रत्येक बोटीची निराळी बातमी.
मग एक कॅसेट आली, नाव हातानं लिहिलेलं.
काळी चारवर गाणारी बाई
पांढरी दोनवर उतरली होती.
मला वाटलं, आवाज गेला.
इनास म्हणाला, "गेला नाही. खाली राहायला गेलाय.
जिने चढवत नाहीत आता, मलाही."
मग बोट वर केलं: ऐक.
खालच्या तारेला
तीच गुणगुण.

यंदा ती वारल्याचं कळलं.
इनास जाऊन नऊ वर्षं झाली.
दुकान आता माझं, रुंदी दीड माणसाची;
मी जाड झालोय.
हिशेब तपासायला आलेला पोरगा
जुन्या वहीवर बोट ठेवून विचारतो,
हे अकरा रुपये बुडीत धरू?

कुठल्याशा केंटकीत, कुणाच्या तरी भिंतीवर
आमच्या पलंगाचा पाय टांगलेला असेल,
तारा उतरवलेल्या, किंवा नसतीलही.

नको, म्हणतो मी. राहू दे.
येणं आहे.