विषयाबाहेर

सुपारी फुटल्यावर मुलीला पसंती विचारावी
तसा कागद आला लंडनहून लाउथला:
करार झालेला आहे. आपलं मत कळवा.
चौकोनात खूण करा. जागा कमी पडल्यास
वेगळा कागद जोडा.

मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
साठ खुर्च्या मांडल्या मी,
माणसं आली अकरा,
त्यातली दोघं हीटरसाठी.
साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवला:
तीन जिल्हे मिळून एकच रंग,
वर एक महापौर,
तीस वर्षं पैसा, हप्त्याहप्त्यानं.
"तुमचं म्हणणं आम्हाला मोलाचं आहे," म्हणाले
आणि घड्याळ न बघणं इतकं सांभाळलं
की सगळ्यांना दिसलं.

विनिफ्रेड अटिंग उठल्या, पर्स पोटाशी धरून.
"महापौर येईल तेव्हा येईल.
सत्तावीस नंबर कधी येणार?
नवऱ्याचं डायलिसिस ग्रिम्सबीला.
मंगळवार, गुरुवार, शनिवार."
साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे.
मी टिपून घेतलं: चांगला मुद्दा.

माझं काम एवढंच. आलेले कागद वाचायचे
आणि तीन ट्रेमध्ये घालायचे,
सहमत, असहमत, विषयाबाहेर.
एकानं लिहिलं, आधी ठरवता मग विचारता,
माझे वडीलही तसेच होते,
पण ते विचारायचे तरी नाहीत.
मेबलथॉर्पहून कुणी नुसती समुद्राची भिंत काढून पाठवली,
पेन्सिलीनं,
खचलीय तिथे बाण.
शाळेतल्या एका पोरानं
होय, नाही, माहीत नाही, तिन्हींवर खूण केली.
मला त्याचं सगळ्यात पटलं.
ट्रे मात्र सापडेना.

विनिफ्रेडबाईंचा जोडकागद चार पानी.
बसचं वेळापत्रक, हातानं उतरवलेलं,
बंद पडलेल्या फेऱ्यांवर पट्टी धरून काट,
एकेका काटेपुढे तारीख.
आणि शेवटी, तिरक्या अक्षरात:
टायपिंग करणाऱ्या मुलीस,
हे पूर्ण वाचणारी बहुतेक तूच.
त्या दिवशी चहा फार पातळ होता.

(मुलगी सत्तेचाळीस वर्षांची. चहा तिनंच केलेला.)

करारावर सह्या झाल्या, ठरल्या तारखेला.
अहवालाच्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर
त्या चार पानांचं एक वाक्य उरलंय:
'काही रहिवाशांनी वाहतुकीचा उल्लेख केला.'

उल्लेख एकटीनंच केला होता.
अनेकवचन माझं.
तेवढंच हातात होतं.